घडी सरेपर्यंत हाक नाही

मी सहसा कोणाचं कौतुक करत नाही. बदनापूरच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं म्हणायची, बाईंच्या तोंडून 'बरं' ऐकायला मिळालं तर घरी पेढे वाटावेत. म्हणून कनिकाबद्दल इथे जे चांगलं लिहिलंय ते हात राखूनच लिहिलंय, असं समजा.

कनिका आमच्या शेजारच्या जेठमलजींची सून. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आणि मागे घर. यांच्या पूर्वजांनी राजस्थान सोडलं, त्याला आता किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. मुलगा श्रेयांस माझा विद्यार्थी. स्वभावाने गरीब, पण स्वतःचा रुमाल शोधायला आजही त्याला दुसरं माणूस लागतं. लग्न झाल्यापासून ते माणूस म्हणजे कनिका.

ही पोरगी नांदेडची. लग्नाआधी पुण्याच्या विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरवर कामाला होती. लग्न ठरताना नोकरीचा विषय निघाला, तेव्हा जेठमलजी म्हणाले होते, "चिकलठाण्याचं विमानतळ काय दूर आहे का, बघू की." हे 'बघू' पुढे दोन वर्षं चाललं. मग पुण्यातली तिची जुनी वरिष्ठ बदली होऊन चिकलठाण्याला आली आणि तिने कनिकाला फोन केला. विमानांच्या ये-जा करण्याची व्यवस्था बघणाऱ्या कचेरीत पुढच्या उन्हाळ्यात एक जागा निघणार होती. पण तिथे नुसती तिकिटं तपासता येऊन भागणार नव्हतं, पदवीनंतरचं विमानसेवा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र लागणार होतं. "तेवढं करून ठेव, मी तुझं नाव पुढे करते," ती म्हणाली.

कनिकाने तो अभ्यासक्रम ऑनलाइन घेतला. वर्ग नाहीत, तास नाहीत. वर्षभरात आपल्या सवडीने धडे पुरे करायचे आणि शेवटी घरीच कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा द्यायची. वर्ष संपलं की नोंदणी संपली. 'आपल्या सवडीने' ही त्यांनी जाहिरातीत मोठी सोय म्हणून सांगितली होती. ज्याने ही सोय काढली तो एकत्र कुटुंबात राहिलेला नसावा.

कारण घरात ज्या कामाला वेळ ठरलेली नाही, ते काम कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही. कनिका लॅपटॉप उघडायची आणि दुकानातून हाक यायची, "बेटा, चहा." चहा देऊन बसली की श्रेयांसचं चार्जर हरवायचं. ते सापडलं की जालन्याहून आत्याबाई यायच्या. मी एकदा जेठमलजींना टोकलं, तर ते गादीवर ऐसपैस बसून म्हणाले, "बाई, ज्या मालाला पोचवायची तारीख न्हाई, त्याची गाडी आजच कशाला भरायची? तिला वर्षभर टाइम आहे." माणूस वाईट नाही हो. पण चांगल्या माणसांशी भांडताही येत नाही, हा खरा त्रास असतो.

दिवाळी आली तरी पोरीच्या अभ्यासाचा जेमतेम चौथा हिस्सा झाला होता. बियाण्यांच्या गोदामात पोत्यांवर बसून ती मोबाइलवर वाचायची. तिथेही हमाल येऊन विचारायचे, "वहिनी, सरकी कुठं ठिवू?" ती उठून दाखवायची. चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही, पण चेहरा उतरत चालला होता.

आता तिच्या सासूबद्दल सांगते. संतोषबाई कमी बोलणारी बाई. रोज सकाळी स्वयंपाकाआधी सामायिकाला बसते. सामायिक म्हणजे यांच्या जैन धर्मातली अठ्ठेचाळीस मिनिटांची बैठक. पांढरं आसन, तोंडाला कापडी मुहपत्ती, समोर रेतीची घडी. वरची रेती खाली येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, संसाराचा विषय काढायचा नाही. तेवढा वेळ अख्खं घर मुकं होतं. जेठमलजी चपला हातात घेऊन चालतात. एकदा दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं, तरी तिला कोणी हाक मारली नव्हती.

मी लोणच्याची बरणी परत द्यायला गेले होते, त्या दिवशीची गोष्ट. संतोषबाई बैठकीतून उठून घडी पुसत होती. कनिका तिच्यासमोर जाऊन बसली आणि सरळ म्हणाली, "मम्मीजी, ही घडी मला रोज थोडा वेळ देता का? माझ्या खोलीच्या दारात ठेवते. घरात दुसरं कशालाच कोणी थांबत नाही."

मला वाटलं, संपलं सगळं. धर्माची वस्तू आणि ही ती विमानांच्या अभ्यासाला मागते. संतोषबाईने घडी कापडात गुंडाळली आणि म्हणाली, "ही माझ्या आईची आहे. सामायिकाशिवाय हिला हात लावत न्हाई." कनिकाने मान हलवली आणि पोळ्या करायला गेली. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी संतोषबाईला मनातल्या मनात चांगलं खडसावलंसुद्धा.

मी चुकले होते. संतोषबाईने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की जालन्याला जाल तेव्हा बहूसाठी एक घडी आणा. जेठमलजींना वाटलं, सून सामायिकाला बसणार. त्यांनी आनंदाने चांगली मजबूत बघून आणली आणि दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली. घरी आल्यावर संतोषबाईने ती कनिकाच्या दारातल्या स्टुलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकवलं, "हे सामायिक न्हाई, अभ्यास आहे. पण घडी सरेपर्यंत हिला कोणी हाक मारायची न्हाई. मी शब्द दिलाय."

जेठमलजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण घडी स्वतःच आणलेली, आता बोलणार काय?

त्यानंतर कनिकाने जो अभ्यास केला, तो पाहून मी थक्क झाले. सकाळी दोन घड्या, दुपारी दुकान शांत असताना आणखी एक. घडी सरली की लगेच पदर खोचून कामाला. एकही काम तिने दुसऱ्यावर ढकललं नाही, आणि एकही घडी सोडली नाही. शाळेत मी हुशार पोरं खूप पाहिली. अशी जिद्द, आणि तीही कोणाला न दुखवता, फार थोड्यांकडे असते. मला तिचा अभिमान वाटायला लागला आणि तो मी लपवूही शकले नाही.

जेठमलजी हळूहळू कसे अडकले ते तर बघण्यासारखं होतं. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण होतं, तेव्हा कनिका आज काय वाचलं ते सांगायची. दिल्लीत धुकं पडलं की विमान उशिरा सुटतं, मग त्याच विमानाने पुढे जाणारे प्रवासी अडकतात, वैमानिकाचे कामाचे तास संपत येतात, आणि हा गुंता सोडवायला कचेरीत एक जण बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी जेठमलजीच विचारायचे, "मंग त्या दिल्लीच्या इमानाचं काय झालं?"

परीक्षा अगदी नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात आली. सकाळची वेळ कनिकानेच निवडली. नियम कडक होते. कॅमेऱ्यासमोरून उठलं की परीक्षा बाद, आणि पुन्हा द्यायला दिवस उरले नव्हते. संतोषबाईने मला बोलावून दारात बसवलं. घडी उलटी करायची आणि येईल त्याला गप्प करायचं, एवढं माझं काम. जन्मभर पोरांना गप्प केलंय, मला काही जड नव्हतं.

पहिली घडी सरली. मी ती उलटी केली आणि तेवढ्यात बाहेर जेठमलजींचा मोठ्याने आवाज आला, "मत्थेण वंदामि, पधारो, पधारो."

दारात महासतीजी उभ्या होत्या. पायी विहार करत जालन्याहून संभाजीनगरकडे निघालेल्या तीन साध्वी बदनापूरला एका दिवसासाठी थांबल्या होत्या. गोचरीला, म्हणजे भिक्षेला, त्या कोणाकडे जातील हे कधी सांगून ठरत नाही. त्यांच्या पात्रात आपल्या हाताने दोन घास घालायला मिळावेत म्हणून ही घरं वर्षानुवर्षं वाट बघतात. अशा वेळी घरातली सून आत बसून राहणं म्हणजे गावभर बोलायला विषय. मागे शेजारच्या दोघी-तिघी येऊन उभ्याच होत्या.

"बहूला बोलाव जल्दी," जेठमलजी म्हणाले.

"घडी चालू आहे," संतोषबाई म्हणाली.

"अगं, महासतीजी आल्यात."

"मला दिसून राह्यलं. पण घडी चालू आहे."

मोठ्या महासतीजींची नजर स्टुलावर गेली. त्यांनी सहज विचारलं, "सून सामायिकात बसली आहे का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. घरची लाज राहिली असती आणि कनिकाचं कौतुकही झालं असतं. खरं सांगते, मी हलवली असती. संतोषबाईने हात जोडले. "न्हाई महासतीजी. परीक्षा देऊन राह्यली. विमानतळाच्या कामाची. मी तिला शब्द दिलाय, घडी सरेपर्यंत हाक मारणार न्हाई."

जेठमलजी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

महासतीजी क्षणभर बंद दाराकडे बघत राहिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मग हाक मारू नका. शब्द दिलाय ना."

त्यांनी संतोषबाईच्या हातून अर्धी पोळी घेतली. निघताना जेठमलजींनी मांगलिक ऐकवण्याची विनंती केली. हा पाठ एरवी सगळ्या घराला ऐकू जाईल असा मोकळ्या आवाजात म्हणतात. त्या दिवशी महासतीजींनी तो कनिकाच्या दाराबाहेर उभं राहून जवळजवळ पुटपुटत म्हटला. आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो. मी त्या धर्माची नाही, तरी माझे डोळे भरून आले.

कनिका पास झाली आणि ती जागाही तिला मिळाली. आता सकाळच्या गाडीने ती ड्यूटीला जाते, आणि कोणी विचारलं की जेठमलजी सांगतात, "सून कामावर गेल्ती, आता येईल." श्रेयांस रुमाल स्वतः शोधतो. निदान शोधायला सुरुवात तरी करतो.

परवा गाडीची वाट बघताना स्टेशनवर ती भेटली, तेव्हा मी तिला तो सगळा प्रसंग रंगवून सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

"बाई, मला माहीत आहे. पापाजींचा आवाज मी आत ऐकला होता. महासतीजी आल्यात हे कळलं. आता हाक येणार, असं वाटलं. हाक आली असती ना, तर मी उठले असते. मम्मीजींची मान खाली गेलेली मला बघवली नसती."

"मग?"

"मग मी वाट बघत राहिले," ती म्हणाली. "बाहेर सगळं शांत झालं. कोणी हाक मारली नाही. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला, तर अक्षरंच दिसेनात, इतकं रडू येत होतं."

गाडी आली. तिने डोळे पुसले आणि डब्यात चढली.