पडद्यामागून नाही

आमच्या घरात सून सासऱ्यांसमोर बोलत नसे. बोलत नसे म्हणजे चकार शब्द नाही. पाहुणे येवोत की गाय सुटो, मधे कोणीतरी माणूस लागायचाच. ताट वाढलं की मी ह्यांना म्हणायची, "मामाजींना सांगा, ताट वाढलंय." मामाजी तिथेच हाताच्या अंतरावर बसलेले. तेही ह्यांनाच म्हणायचे, "सुनेले सांग, येतो." सगळ्यांना हे रीतीचं वाटायचं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक जायची, कारण देवानं मला तोंड दिलं होतं आणि ते बंद ठेवायचं शिकवलं नव्हतं.

कापूस वेचताना मी कविता रचायची. शेतात बायांना म्हणून दाखवायची, घरी फक्त ह्यांना. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात जाऊन पडला होता, तेव्हाची गोष्ट. वरोऱ्याच्या वाचनालयानं शारदोत्सवात कविता म्हणण्याचा कार्यक्रम ठेवला आणि ह्यांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. वर म्हणतात कसे, "बाबा काय येतात तिथं! दंडारीचं नाचगाणं असतं तर गेले असते."

झालं भलतंच. वाचनालयवाल्यांनी आजूबाजूच्या गावांतल्या मोठ्या माणसांना आमंत्रणं धाडली आणि मामाजींना थेट पहिल्या रांगेत खुर्ची दिली. टिनाच्या शेडमध्ये दिवेलागणीलाच गर्दी झाली होती. मी बाजूला उभी राहून बघते तर समोर मामाजी, काठी गुडघ्यांत धरून.

सेक्रेटरी घाबरत आले. "बाई, असं करा, तुम्ही पडद्यामागून म्हणा. रीतही राहील आणि कार्यक्रमही."

"मी काऊन पडद्यामागून बोलू? मी काय भूत आहो?" मी म्हटलं. रागाच्या भरात घरची बोली आली तोंडात. "म्हणीन तर समोरून. नाई तर जातो घरी."

पण म्हणणं सोपं आणि करणं कठीण. माझं नाव पुकारलं, मी पदर डोक्यावर ओढून गॅसबत्तीच्या उजेडात उभी राहिले, आणि आवाजच फुटेना. मामाजींच्या देखत मी आजवर एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मागून कुजबुज सुरू झाली. आज जर गप्प खाली उतरले, तर ह्यापुढे ह्या घरात आपली कविता मेली, एवढं मला पक्कं कळत होतं.

तेवढ्यात मामाजी उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि मंचाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून बसले. मग गर्दीतल्या ह्यांना म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुनेले सांग, आता मी तिच्यासमोर नाई. म्हणू दे तिले."

ह्यांनी निरोप द्यायची गरजच पडली नाही. मी सुरू झाले.

"बोंडाबोंडाला बोट टोचलं, गाणं नाही थांबलं,
वावरात माझं मोकळं तोंड, उंबऱ्याशी कोणी बांधलं?"

शेवटच्या ओळीपर्यंत आवाज कापला नाही. टाळ्या पडल्या. पाठमोऱ्या मामाजींचं तोंड मला दिसत नव्हतं, पण अख्ख्या शेडला दिसत होतं, आणि लोक एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा त्यांच्याकडे. मला त्या दिवशी माझा स्वतःचा फार अभिमान वाटला. लपवून काय करू? अजूनही वाटतो.

परतताना बैलबंडी मामाजीच हाकत होते. मधे हे, मागे मी. कविता घरच्याच रीतीवर होती, ती मामाजींना कशी लागली असेल, हाच विचार माझ्या डोक्यात घोळत होता.

"ते उंबऱ्याचं पुन्हा म्हण," मामाजी म्हणाले.

हे सवयीनं माझ्याकडे वळले. "बाबा म्हणून राह्यले, ते उंबऱ्याचं..."

"तू गप बस," मामाजी म्हणाले. "मी तिच्यासंग बोलून राह्यलो."