झालेल्या कामांची बाई

ऑफिसात तिला सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोठ्यानं की तोंडावर म्हटल्यासारखंच. तिला त्याचा राग यायचा नाही. “स्वल्पविरामापेक्षा बरं,” ती म्हणायची, “निदान माझ्यापाशी येऊन वाक्य तरी संपतं.”

लोकांची स्वयंपाकघरं बसवून देणारी कंपनी होती ती. ओटा, कपाटं, खण, सगळं मापानं करायचं आणि घरी जाऊन जोडून द्यायचं. पूर्वी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहून भागायचं, मग संगणकावरचा फळा आला. प्रत्येक कामाचं एक कार्ड आणि कार्डांचे तीन रकाने: ‘आलेलं’, ‘चालू’, ‘झालं’. काम उरकलं की फिटर मोबाइलवरूनच कार्ड ओढून ‘झालं’मध्ये टाकायचा आणि चहाला पळायचा. तिथून पुढे तिचं राज्य. कार्डावरचा नंबर फिरवायचा, घरच्या माणसाला विचारायचं, आणि काम खरंच झालं असेल तर एक बटण दाबून कार्ड फळ्यावरून उचलायचं. त्या बटणाचं इंग्रजी नाव फिटरांच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनंच त्याचं नाव ‘माळा’ ठेवलं. माळ्यावर टाकलेलं कुणाच्या नजरेला पडत नाही, पण ते फेकूनही दिलेलं नसतं.

हे काम दुसऱ्या कुणाला नकोच होतं. पानं वाढेपर्यंत सगळे स्वयंपाकघरात डोकावतात. जेवणं झाली की खरकट्याकडे कोण फिरकतं? ती मात्र झालेल्या कामांत रमायची. आणि एका शब्दावर तिचा बारीक कान असायचा: ‘तसं’.

“सगळं तसं ठीक आहे,” असं कुणी म्हटलं की ती कार्डाला हात लावायची नाही. “तसं म्हणजे पोटातला ‘पण’,” ती म्हणायची. “ओठावर यायला लाजतो एवढंच.” मग ती गोडीगुलाबीनं विचारत जायची, आणि खरोखरच कुठेतरी बिजागरी सैल निघायची, कुठे कपाटाचं दार भिंतीला घासत असायचं. फिटर कुरकुरत पुन्हा जायचे. पण लोक नाव घ्यायचे कंपनीचं.

घरी तिला विचारणारं कुणी नव्हतं. दोन खोल्या, एका खोलीत आईचा पलंग, तो आई गेल्यावरही तिनं हलवला नव्हता. आई अंथरुणाला खिळली ती बरीच वर्षं, आणि त्या वर्षांत लग्नाचं, हिंडण्याफिरण्याचं सगळं ‘मग बघू’ म्हणत राहून गेलं. धाकटी बहीण सणासुदीला फोन करायची आणि दर वेळी एकच म्हणायची, “तुझं बाई बरंय. ना कुणाचं करणं, ना सवरणं.” ती “हो ना” म्हणायची. काय म्हणणार? शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आली की सोमवारपर्यंत तिच्या गळ्याला काही काम नसायचं. सोमवारी पहिल्या फोनला आवाज घोगरा निघायचा, आणि पलीकडचा विचारायचा, “सर्दी झालीय का हो?”

अशात ते आजींचं कार्ड आलं.

आजी एकट्या राहायच्या. मुलगा परगावी. तो सुट्टीत आला, आईला नवं कोरं स्वयंपाकघर करून दिलं आणि निघून गेला. शेगडीशेजारचा खण अडकत होता. फिटरनं जाऊन त्याची पट्टी सरकवली, कार्ड ‘झालं’मध्ये टाकलं. तिनं फोन लावला.

“आता कसा आहे खण, आजी?”

“तसा बरा चालतो.”

झालं! कार्ड राहिलं फळ्यावर. आठवड्यानं तिनं पुन्हा फोन केला. खण तसा बराच होता. मग त्या खणात काय ठेवलंय ते निघालं: दोऱ्याची रिळं, सुटी बटणं, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नाही अशा किल्ल्या. “एवढं मोठं स्वयंपाकघर,” आजी म्हणाल्या, “आणि भात शिजतो मूठभर. पातेल्यालासुद्धा लाज वाटते गं.” ती हसली. ऑफिसच्या फोनवर ती हसते हे शेजारच्या टेबलानं पहिल्यांदाच पाहिलं.

फिटर दुसऱ्यांदा जाऊन आला. “ताई, तो ‘तसा’ नेमका कुठे आहे ते दाखवा मला,” तो म्हणाला. “रंधा मारून काढून टाकतो.”

“आजी म्हणतात, आवाज येतो.”

“कुणाचा? खणाचा की आजींचा?”

सगळे खो खो हसले. तीही हसली, पण कार्ड तिनं उचललं नाही.

त्याच सुमारास नवे साहेब आले. वयानं लहान, बोलायला मऊ. सोमवारच्या बैठकीत त्यांनी फळा भिंतीवर मोठा करून दाखवला आणि सांगितलं, की यापुढे ‘झालं’मधलं कार्ड आठवडाभरानं आपोआप माळ्यावर जाईल. कुणी मुद्दाम मागे ओढलं तरच ते आणखी आठवडाभर राहील, आणि मागे ओढलेलं कार्ड लाल दिसेल.

“म्हणजे तुमचा फोनचा त्रास वाचला, ताई,” साहेब तिला म्हणाले. ते मनापासून म्हणाले, म्हणून तर तिला काही बोलता येईना.

पुढच्या दिवसांत कार्डं एकामागून एक आपली आपण नाहीशी होऊ लागली. तिच्या टेबलावरचा फोन उगाच पसारा वाटू लागला. साहेबांनी तिला मालाच्या नोंदी करायला दिल्या. त्या कामाला तोंड लागत नाही. दुपारी डबा खाताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण “थोडं सरका” एवढंच बोललोय.

आजींचं कार्ड मात्र तिनं मागे ओढलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ओढलं. फळ्यावर तेवढं एकच लाल राहिलं.

“ग्राहक म्हणतात, तसा बरा चालतो,” साहेबांनी बैठकीत कार्डावरचं वाचून दाखवलं आणि मान वर केली. “म्हणजे चालतो की नाही चालत?”

साहेबांनी फिटरला एकदा शेवटचं जाऊन यायला सांगितलं.

फिटर परत आला तो थेट तिच्या टेबलाशी. एरवी दारातूनच थट्टा सुरू करणारा माणूस, आज खुर्ची ओढून बसला.

“ताई, खण लोण्यासारखा चालतो.”

“आजी काय म्हणाल्या?”

“आधी चहा दिला. मग म्हणाल्या, खणाला काही झालेलं नाही रे. पण त्या तुमच्या बाई इतक्या आपुलकीनं विचारतात, जरा आवाज येतो का हो अजून, मग नाही म्हणवत नाही. नाही म्हटलं की फोन बंद होईल ना.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं, ताई?”

तिला आपलेच फोन आठवले. पूर्वी ती विचारायची, खण नीट आहे ना? अलीकडे मात्र विचारत होती, आवाज येतो का अजून? प्रश्नाच्या ताटात उत्तर आधीच वाढून ठेवलेलं. आजींनी आग्रहाला मान दिला, एवढंच.

“मला हेलपाट्याचं काही नाही,” फिटर हळू आवाजात म्हणाला. “पण त्या लाल कार्डावर नाव माझं आहे. साहेब नवे. त्यांना माणूस फळ्यावर दिसतो तेवढाच दिसतो. इतकी वर्षं झाली, माझं एक काम अर्धवट नाही राहिलं, आणि आता दर सोमवारी सगळ्यांसमोर...”

“चूक माझी आहे,” ती म्हणाली.

“चूकबीक नका म्हणू हो. नुसतं उचला ते.”

तो गेला आणि तिनं फोन लावला. मालाच्या नोंदी करणारी दोन माणसं शेजारीच बसली होती.

“आजी, आज मला नीट सांगा. खण कसा चालतो?”

“अगं, तसा...”

“तसा नको, आजी. त्या ‘तसा’मुळे फिटरचं नाव खराब होतंय.”

मग आजी म्हणाल्या, “चांगला चालतो. तो पहिल्यांदा येऊन गेला, तेव्हापासूनच चांगला चालतो. बिचारा! मला काय माहीत गं, त्याच्या नावावर लागतंय ते.”

“मग काम झालं, असं लिहू?”

“लिही.” आणि हळूच, “मग आता?”

“आता काही नाही. काम झालं की आम्ही फोन करत नाही.” शेजाऱ्यांसमोर तिचा आवाज नको तितका कोरडा आला. परत घेता येईना. तिनं बटण दाबलं. खालची कार्डं वर सरकली, मधली जागा बुजली, आणि फळ्यावर लाल काही उरलं नाही. संध्याकाळी फिटर जाताना तिच्या टेबलावरून मुद्दाम गेला.

रविवारी तिनं घर झाडलं, पडदे धुतले. आजींचा नंबर बघायला माळ्यावर चढायची गरज नव्हती, तो बोटांना पाठ होता. अडत होतं ते कारणापाशी. आजवर तिनं ज्याला ज्याला फोन केला तो कशाबद्दल तरी. ओट्याच्या पॉलिशचं विचारावं का? शेगडीवरच्या कपाटाचं? पुन्हा तेच! पुन्हा कुणाचं तरी कार्ड लाल. नको. दुपार कलायला लागली तेव्हा तिनं कारणाशिवायच फोन लावला.

“कोण?”

“मी, आजी. खणाचं विचारायची ती.”

“अगं बाई! रविवारीपण जुंपतात का तुला?”

“नाही. सुट्टी आहे.”

“खण बरोब्बर आहे हं. आता उगाच काही सांगणार नाही मी.”

“खणासाठी नाही केला.”

“मग?”

तिनं इथवरचं मनात घोळवून ठेवलं होतं, याच्या पुढचं नाही.

“सहज,” ती म्हणाली. साधा शब्द, पण तिच्या तोंडी तो नव्या चपलेसारखा लागला.

“हो का,” आजी म्हणाल्या. त्यांनाही त्याचं काय करावं ते कळलं नसावं. “जेवलीस?”

“जेवले. तुम्ही?”

“मघाच.”

खण होता तेव्हा किती बोलणं निघायचं! किल्ल्या निघायच्या, रिळं निघायची. आता नुसता पलीकडचा श्वास ऐकू येत होता. आजींनाही अवघडल्यासारखं होत असणार, तिला वाटलं. कशाला केला आपण? “बरं, ठेवते” असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आजीच घाईनं म्हणाल्या, “ठेवू नकोस गं. दूध उतू जाईल, तेवढं बघून येते.”

पलीकडे फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. चपला फरफटत गेल्या. शेगडीची कळ फिरली, पातेल्यावर काहीतरी टेकलं, कुठेतरी नळ थोडा वाहिला आणि थांबला. ती आईच्या पलंगाच्या कडेवर बसली आणि फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिली. आजींना यायला वेळ लागत होता. तिला घाई नव्हती.