अडसराची भोकं बाहेरून

आधीच सांगून ठेवतो, मी भूतबीत मानत नाही. मानायला अक्कल लागते अन् ती माझ्यात नाही, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. शाळेत मी दोन दिवस गेलो, त्यातला एक रविवार निघाला. म्हणून मी बोलून राहिलो अन् माझी लेक लिहून राहिली. तुमच्या या पानावर लोक भीतीचे अनुभव सांगतात... माझा भीतीचा नाही. रागाचा आहे. पन्नास वर्षं होऊन गेली, अजून उतरला नाही.

एकाहत्तरची लढाई. मी जबलपूरला फॅक्टरीत सुतार होतो, तोफगोळ्यांच्या पेट्या बनवायचो. गोळा पेटीत केसभर हलला तरी पेटी परत यायची. माझी एकही पेटी कधी परत आली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी सगळी इज्जत जाणार आहे.

जबलपुरातच गोरखपूर नावाचा मोहल्ला आहे, तिथं बाजाराच्या मागच्या गल्लीत एक दगडी कोठी होती. भोसल्यांच्या वेळची म्हणायचे, मी काही पायाभरणीला नव्हतो. पूर्वेला तोंड, पाच पायऱ्या, तीन कमानींचा व्हरांडा. आत मोठी बैठक. बैठकीच्या डाव्या हाताला दोन खोल्या, उजव्या हाताला दोन. मागं चौक. अन् चौकाच्या पलीकडं, सगळ्यात शेवटी, एकटीच आमची खोली. भिंती दीड हात जाड. खिडकी नाही, वर छताजवळ एक झरोका फक्त. ब्लॅकआउटसाठी सगळे खिडक्यांना काळे कागद चिकटवून राहिले होते, अन् मी खूष... आपल्याला खिडकीच नाही, कागद वाचला! खिडकी काहून नाही, हे डोक्यातच नाही आलं.

मालकानं कोठीची सागवानी दारं कधीच विकून खाल्ली होती. दगडी चौकटी तेवढ्या उरल्या. ज्यानं त्यानं आपलं दार करायचं, नाही तर पडदा टांगायचा.

पडद्यावर माझा भरवसा नव्हता. आदल्या थंडीत आम्ही दुसरीकडं एका ओसरीत राहायचो, पोत्याचा पडदा लावून. आमचं पहिलं पोर तिथं झालं अन् नवव्या दिवशी गेलं. छातीत गारठा भरला. आता कुसुमला, माझ्या बायकोला, पुन्हा नववा महिना लागला होता. सिहोऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जावईबापू, पुढच्या रविवारपर्यंत दार लागलं तर ठीक. नाही तर मी पोरीला सिहोऱ्याला घेऊन चालली."

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, या दिवसांत बसचे धक्के बिलकुल नको. म्हणजे दार लागलंच पाहिजे.

मी म्हटलं, हात्तिच्या! दार म्हणजे काय, एक पेटीचं झाकण.

आकडे मला वाचता येत नाहीत, म्हणून मी सुतळीनं माप घ्यायचो. उंचीची एक गाठ, रुंदीची एक गाठ. दार तयार केलं. दगडात वर अन् खाली खोबणी होती. दाराची वरची चूळ, म्हणजे दार जिच्यावर फिरते ती खुंटी, वरच्या खोबणीत घालायची, मग दार खाली बसवायचं. घालायला गेलो तर दार चार बोटं उंच! पुन्हा सुतळी लावली तर गाठसुद्धा चार बोटं बाहेर. म्हटलं, सुतळी ताणली असेल. चार बोटं कापली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो, दार उभं केलं... वर चार बोटं फट. वारा शिट्टी मारून राहिला.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एवढी फट कोणासाठी ठेवली? मांजरीसाठी?"

बैठकीच्या उजव्या हाताच्या एका खोलीत तिवारीजी राहायचे, माझ्याच फॅक्टरीतले. ते म्हणाले, "मिस्तरी, लड़ाई तो अपन ऐसे भी जीत रहे थे, तुम काहे मदद कर रहे हो?"

माझी पेटी परत आली होती, अन् तीही माझ्याच घरी.

मग सुतळी फेकली अन् सागाची काठी घेतली. काठी तर ताणत नाही ना? चौकटीत उभी केली, बरोबर तासली, अशी घट्ट बसवली की तिवारीजींनी ओढून पाहिली तरी हलेना. त्या काठीवरून दुसरं दार केलं. शनिवारी दुपारी उचलून आणलं. बसेना. काठी आणली. काठीही बसेना! तीच काठी, तीच चौकट, तेच तिवारीजी. आता त्यांचाही चेहरा उतरला. ते म्हणाले, "तोप की टेस्टिंग से पत्थर बैठ गया होगा, भैया."

मी म्हटलं, "बैठेगा तो बैठेगा, लेकिन उठेगा कैसे? परवा चार बोटं उठला होता ना!"

पण बाजारात त्यांनी सांगितलं ते असं की मिस्तरीला दाराचं माप येत नाही. सगळं गोरखपूर हसलं. तुम्हीच सांगा, चूक दगडाची अन् बदनामी सुताराची! मी चौकटीला दोन लाथा घातल्या. अंगठ्याचं नख गेलं. चौकटीला काही झालं नाही.

रविवार उजाडला. सासूबाईंनी गाठोडं बांधलं. कुसुम चौकात ऊन खात बसली होती, पाठ आमच्याच भिंतीला टेकून. चौकटीच्या बाजूला दगडात दोन चौकोनी भोकं होती, अडसर सरकवायची. तिनं एका भोकात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

"अहो, ही भोकं बाहेरून काहून आहेत?"

"अडसरासाठी. आयती आहेत, दगड कोण फोडत बसते? दार चौकाकडं उघडेल, आई बाहेरून अडसर लावतील, वारा यायचं नाव नाही."

"अन् आतून कोण काढेल?"

दोन दारं केली, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"बाकीच्या खोल्यांत पाहून या," ती म्हणाली.

गेलो. डाव्या हाताच्या दोन, उजव्या हाताच्या दोन. चारही खोल्यांत भोकं आतून. माणूस आत झोपतो, आतून अडसर लावतो, बरोबर. फक्त आमच्या खोलीत बाहेरून. अन् खिडकी नाही. अन् भोकांच्या कडा... सुताराला कळते ना, लाकूड किती वेळा सरकलं की दगड असा गुळगुळीत होतो ते.

परत आलो तर कुसुम उभी होती. एवढी शांत बाई, पण आवाज चढला तिचा. "मला आतून कडी पाहिजे. कोंडून नाही होणार मी बाळंत. नाही तर बसचे धक्के बरे!"

सासूबाई पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या, "अवो, पण दार तर बसू दे त्याचं!"

मी छिन्नी घेतली. आतल्या बाजूला दगड फोडून कोयंडा बसवला, दाराला आतून साखळी लावली. बाहेरची दोन्ही भोकं विटांचे तुकडे अन् चुना भरून बुजवून टाकली. मग दार उचललं. बसवायला नाही हो... कुसुमला दाखवायला, की बघ बाई, चार बोटं उंच आहे, माझी चूक नाही.

वरची चूळ खोबणीत गेली. खालची टक् करून बसली.

रंधा लावला नव्हता. बोटभर लाकूड कापलं नव्हतं. आदल्या दुपारी तेच दार बसत नव्हतं, माझ्या नखाची शपथ. कुसुम आत गेली, दार ओढलं, साखळी चढवली. आतून तिचं हसू ऐकू आलं.

सासूबाईंनी गाठोडं सोडलं अन् म्हणाल्या, "एवढं सोपं होतं तर आठ दिवस काय करून राहिले होते?"

काय सांगू? आजही विचारतात लोक. इंजिनियर लोकांना विचारलं, ते हसतात. कोठी सोडताना दार उतरवून तीच काठी चौकटीत लावून पाहिली. घट्ट बसली. म्हणजे माझं माप पहिल्यापासून बरोबर होतं! हे त्या कोठीनं एकदा सगळ्यांसमोर कबूल करायला पाहिजे होतं. पण तिच्यावरचा राग कमी आहे. खरा राग त्याच्यावर आहे, ज्यानं ती भोकं बाहेरून पाडली. आत कोण असायचं, किती दिवस, कोणाला माहीत नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "छोड़ो भैया." काहून सोडू?

दार बसल्याच्या पाचव्या दिवशी पोरगी झाली. नववा दिवस आला अन् गेला. तीच ही, आता माझ्यासमोर बसून लिहून राहिली अन् म्हणून राहिली, "बाबा, नखाचं दोनदा सांगून झालं."

तेव्हापासून आमच्या घरात एकाही दाराला बाहेरून कडी नाही. कुलूप लावता येत नाही, म्हणून कोणाच्या लग्नाला जायचं तर एक माणूस घरी ठेवावा लागतो. तो मीच असतो. आतून साखळी लावतो अन् बसतो.

जेवण मात्र डब्यात आणा म्हणतो, तर हे लोक विसरून येतात.