पहिला इंच

गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं दुकान आहे, तिथल्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. पण बाईंना ते ठाऊक आहे आणि त्यांची त्याला हरकतही नाही. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की हात टेप धरतात आणि तोंड प्रश्न विचारत सुटतं. लग्न कुणाचं, जागा कितव्या मजल्यावर, गुडघा कधीपासून दुखतो. नुसता कपडा बघूनही त्या माणूस ओळखतात. डावं कोपर विरलंय, म्हणजे हा दिवसभर टेबलावर रेलून बसतो. खिशाचं अस्तर फाटलंय, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. मागे इस्त्री करणारा नवरा म्हणतो, "पोलिसांत जायचीस, चुकून शिवणात आलीस."

अशा बाईचा एकुलता एक मुलगा पलटणीबरोबर समुद्रापलीकडे गेला. कुठे आहे, काय करतो, किती दिवस राहणार, यातलं काही विचारायचं नाही, असं जाताना बजावून गेला. दर रविवारी दुपारी दहा मिनिटं फोन, आणि त्याच्यामागे इतरांची रांग.

"ऊन आहे का रे तिकडे?" पहिल्याच फोनवर बाईंनी विचारलं.

"आई, ते सांगता येत नाही."

"माती कसली? लाल की काळी?"

"आई."

"बरं, जेवलास काय?"

"जेवलो ना, पोटभर."

काय जेवला ते गुलदस्त्यातच. पोरगा नीट आहे की नाही, एवढंच बाईंना हवं होतं आणि तेवढंच कळत नव्हतं. मग त्यांनी डोकं चालवलं. माणसानं आईला स्वतःची कंबर सांगू नये असा नियम जगातल्या कुठल्याच फौजेत नसणार. पुढच्या पार्सलात मोज्यांबरोबर मापाची एक टेप गेली. सोबत चिठ्ठी: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी छाती, कंबर आणि बाही मोजून सांगायची.

त्यानं सांगितलंही. छाती अडतीस, कंबर बत्तीस, बाही चोवीस. बाईंनी जुनी वही काढून पाहिली. जाताना होता तसाच होता, सूतभरही फरक नाही. दुसऱ्या महिन्यात तेच आकडे. बाई निर्धास्त झाल्या आणि गिऱ्हाइकांचं कपाळ पुन्हा उठू लागलं.

तिसऱ्या महिन्यात एका शिक्षकांचा सदरा बिघडला. बाही मनगटाच्या वर, गळा आवळलेला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. चौकशी केली तर गेल्या दोन महिन्यांतले बाकीचे कपडेही इंचानं तोकडे निघाले, भिडेनं कुणी बोललं नव्हतं इतकंच. बाईंनी खिळ्यावरची टेप हातात घेतली आणि तिचं टोक पाहिलं. पहिला इंच शाबूत होता.

दुकानात दोन टेपा होत्या. जुनीचा पहिला इंच कधीच तुटून गेला होता, ती एकापासूनच सुरू व्हायची. बाई तिच्यावरून माप घेत आणि मनातल्या मनात एक वजा करत. नवी नुसतीच टांगलेली. पार्सल बांधताना हात सवयीनं जुनीवर गेला होता. इकडे नव्या टेपेनं मापं चालली आणि वजा करायची खोड काही सुटली नव्हती.

"म्हणजे त्याच्याकडे तुटकी टेप गेली," नवरा म्हणाला. "होतं असं. त्यात काय एवढं?"

"अहो, त्या टेपेवर त्याची बाही पंचवीस यायला हवी. तो चोवीस सांगतो." बाई म्हणाल्या. "माणूस बारीक होतो, जाड होतो. हात काही आखूड होत नाहीत. हा मोजतच नाही. पाठ केलेलं म्हणून दाखवतोय."

त्या रविवारी त्यांनी ऊन विचारलं नाही की जेवण विचारलं नाही.

"टेप घेऊन ये. पहिला आकडा कुठला दिसतो?"

"आई, मागे रांग आहे."

"असू दे रांग. आकडा सांग."

तो जाऊन टेप घेऊन आला. मग तो म्हणाला, "हिला पहिला इंचच नाहीये गं."

"नाहीये ना? आता बाही मोज."

"पंचवीस."

"कंबर?"

"एकोणतीस."

बाईंनी एक वजा केला. अठ्ठावीस. चार इंच गेले होते.

"ताप होता," तोच म्हणाला. "तीन आठवडे पडून होतो, फोनपुरता उठायचो. आता बरा आहे, खरंच. तू विचारत बसली असतीस म्हणून नाही सांगितलं."

त्या दिवशी बाई खूप रडल्या आणि दुसऱ्या दिवशी पँट शिवायला बसल्या. कापड बेतलं बत्तीस कमरेचं. पण मागच्या मधल्या शिवणीच्या आत आणखी चार ओळी घातल्या, एकेका इंचाच्या फरकानं. अठ्ठावीसला लाल दोरा, मग पिवळा, निळा, हिरवा. चिठ्ठीत लिहिलं: घट्ट झाली की एकच ओळ उसव आणि तो दोरा पाकिटात घालून पाठव.

"आणि त्यानं चारही एकदम उसवून पाठवले तर?" नवऱ्यानं विचारलं. "आईला बरं वाटावं म्हणून?"

बाईंनी पार्सलाची गाठ आवळली. नंतरचे दोन महिने त्यांनी फोनवर कमरेचं नावही काढलं नाही. चौकशीबाईंनी जीभ चावून गप्प बसायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते नवऱ्यानं जवळून पाहिलं.

पाकीट आलं तेव्हा शिक्षक नव्या सदऱ्याचं माप द्यायला उभे होते. बाईंनी कात्रीनं कड कापली. पाकीट इतकं हलकं की रिकामंच वाटावं. त्यांनी ते गल्ल्यावर उपडं केलं. एक लाल दोरा पडला, टाक्यांच्या वळ्या तशाच राहिलेला. बाईंनी पाकिटात दोन बोटं घालून चाचपलं, उजेडात धरून पाहिलं. आणखी काही नव्हतं. चार आले असते तर त्यांनी देवाजवळ दिवा लावला असता आणि एकावरही विश्वास ठेवला नसता.

त्यांनी डोळे पुसले आणि नवी टेप शिक्षकांच्या खांद्याला लावली.

"काय पाठवलंय मुलानं?" शिक्षकांनी विचारलं.

"एक इंच," बाई म्हणाल्या. "हात सरळ ठेवा."