खालच्या कप्प्यातली थंडी

"हळू. झोपलेत."

मी माझ्याच खोलीत माझाच फ्रिज उघडत असे आणि दारातून हा आवाज येई. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई. राजाजीनगरातली आमची सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. आता तुम्हीच सांगा, एका लिंबासाठी फ्रिज उघडणाऱ्या माणसाने तो किती हळू उघडायचा?

झोपलेलं होतं ते बी. अक्कांची धाकटी बहीण लग्न होऊन पार हिमालयात गेलेली. तिच्या अंगणात कोलंबाइन नावाचं फूल येतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटत राहणारं. बी राईहून बारीक, काळं, चकचकीत. बर्फाखाली हिवाळा काढल्याशिवाय ते उगवत नाही. बंगळुरात बर्फ कुठला? म्हणून अक्कांनी ते ओल्या वाळूत कालवलं, फडक्यात बांधलं आणि डब्यात घालून माझ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. इडलीच्या पिठाशेजारी वाळू चालणार नाही, असं वर सूनबाईंनी सांगून टाकलं होतं.

"तुझ्या फ्रिजात आहे काय रे? एक लिंबू. त्याला सोबत होते की."

आईच्या आजारपणावरून दोघी बहिणींचं बिनसलं होतं. बोलणं आता कुठे सुरू झालेलं, तेही रविवारी फोनवर. बहीण म्हणाली होती, "माझं फूल तुझ्या गावात उगवलं, तर येईन बघायला." आणि दर रविवारी विचारायची, "उठलं का?"

"स्वल्प थांब की. थंडी पोटभर खाऊ दे," अक्का म्हणायच्या. फोन ठेवला की मात्र खाली येऊन डबा उघडायच्या आणि झोपलेल्या पोराच्या कपाळाला लावावं तसं फडक्याला बोट लावून बघायच्या.

मला ते बघवेना. मी निपाणीचा. मटकीला मोड आणण्यात आमच्या घराचा हात कोणी धरत नाही. ती विद्या मी बंगळुरात आणखी सुधारली होती: ओली पुरचुंडी रात्री वायफायच्या डबीवर ठेवायची, त्या उबेला सकाळी मोड. ऑफिसात माझी मिसळ प्रसिद्ध होती. थंडीत कधी मोड येतात का? म्हातारीला कुणीतरी भलतंच सांगितलंय, अशी माझी खात्री. अक्का नात्यातल्या एका लग्नाला आनेकलला गेल्या आणि मी पुरचुंडी काढून वायफायवर चढवली. वर गरम पाणीही शिंपडत राहिलो.

त्या परतल्यावर मीच हाक मारली. "अक्का, उठलं."

त्यांनी गाठ सोडली. आत पांढरं, मऊ, लोकरीसारखं काहीतरी. वास आला तेव्हा मलाही कळलं, ही बुरशी आहे.

"कुठं ठेवलेलास?"

मी बोट दाखवलं. वायफायचे हिरवे दिवे लुकलुकत होते. "उबेला. मटकीसारखं."

"मटकी," अक्का म्हणाल्या. "सरी."

कानडीतलं 'बरं', एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

रविवारी रिकामा डबा न्यायला त्या खाली आल्या, तेवढ्यात फोन वाजला. "उठलं का?"

"नाही गं. माझ्याच हातून फ्रिजचं बटण बंद राहिलं. वय झालं."

"मग राहिलं माझं येणं," पलीकडून हसू आलं. अक्काही हसल्या. मी पस्तिशीचा घोडा शेजारी उभा. फोन मागून खरं सांगायला काय लागत होतं? मी लिंबू कापत राहिलो.

दिवाळी झाली आणि अक्का स्वतःच निघाल्या. गुडघे कुरकुरत होते, मुलगा नको म्हणत होता. "ती हट्टी आहे. बी थांबतं रे, आम्ही थांबत नाही," म्हणाल्या. जिन्यातच माकडटोपी घालून दाखवली. "आता मी जाते थंडी खायला."

त्या अजून तिकडेच आहेत. मध्यंतरी कुरिअरने बी आलं, मागोमाग फोन. "उगवलं तर दोघी येतो. मटकी करू नकोस."

पुरचुंडी खालच्या कप्प्यात आहे. वरच्या जिन्यावरून कोणी उतरत नाही. परवा ऑफिसातला एक मित्र आला आणि पाण्यासाठी त्याने फ्रिजचं दार खसकन ओढलं.

"हळू," मी म्हणालो. "झोपलेत."

त्याने आत वाकून बघितलं. "कोण? लिंबू?"

मी हो म्हणालो. त्या फ्रिजसमोर खरं बोलायला मला अजून जमत नाही.