आईची अंदाजानं लिहिलेली उंची
स्पिरिटचा वास आला की मला त्या खासगी दवाखान्यातली दुपार आठवते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अडलं होतं. वजन आणि उंचीवरून काढलेला तिचा बीएमआय चाळीसच्या वर आहे, तो उतरल्याशिवाय भूल देणं धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला ते पटलंही होतं. चार महिने ती अर्ध्या भाकरीवर राहिली, पण चालताच येत नसल्यानं जेमतेम दोन किलो उतरली. त्या दिवशी मी नर्सला विचारलं, "हिची उंची कधी मोजली?" ती म्हणाली, "बसून होत्या ना, अंदाजानं लिहिली." मी आईला भिंतीशी उभं करून मोजायला लावलं. उंची नऊ सेंटिमीटर जास्त भरली. बीएमआय पहिल्या दिवसापासूनच चाळीसच्या खाली होता! मी फाईल टेबलावर आपटली. "चार महिने उपाशी ठेवलं तुम्ही हिला!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सोमवारी घेऊ ऑपरेशनला." आई माझा हात ओढत पुटपुटली, "लई वरडू नकू, त्यांच्याच हाताखाली निजायचंय मला." मी टेबलावरची फाईल उचलली. आज ती शेतापर्यंत चालत जाते, डॉक्टरांना दुवा देते. माझा राग मात्र जात नाही, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच आहे. मी शिंपी आहे; अख्ख्या युसूफ वडगावची मापं घेतो.