विसावी संकष्टी

धाकटा भाऊ नोकरीत कायम व्हावा म्हणून माझी बायको एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलली होती. तो मुंबईत एका हॉटेलच्या चायनीज विभागात तीन वर्षं हंगामी होता. मध्ये एकही मोडली तर पुन्हा पहिल्यापासून, हे तिनेच ठरवलेलं. एकोणीस झाल्या होत्या.

विसाव्या संकष्टीला मेहुणा आमच्याकडे रत्नागिरीत होता. "आज तुझं उपासाचं मी करतो," म्हणाला. आमच्या घरी रताळी चुलीच्या राखेत भाजायची, सोलून तुपाशी खायची. त्यात सुधारण्यासारखं मला कधी काही दिसलं नव्हतं. त्याने शेजाऱ्यांचा केकचा गोल ओव्हन मागून आणला, चार रताळ्यांच्या सोळा फोडी केल्या आणि पिशवीतून काळी बाटली काढली. सोया सॉस. त्यात गूळ, आलं, लाल तिखट कालवून फोडींना माखलं.

थोड्या वेळाने घरभर वास सुटला, सुकटीच्या डब्यात काकवी सांडल्यासारखा. फोडी बाहेर आल्या त्या डांबर फासल्यासारख्या. मी एक तोंडात घातली. आधी गोड, मग खारट, मग टाळूला काहीतरी चिकटलं ते दोन तांबे पाण्यानेही सुटेना. अर्धी फोड मी मागच्या दारी केळीच्या बुंध्यात टाकून आलो.

"उपासाचं म्हणून लसूण घातली नाही हां!" तो ऐटीत म्हणाला. "खा गो ताई!"

भावाला वाईट वाटू नये म्हणून तिने दोन खाल्ल्या, जवळजवळ न चावता. असलं काय असतं ह्यात म्हणून मी बाटली चष्म्यासमोर धरली. सोयाबीन, गहू, मीठ.

"ह्यात गहू आहे," मी म्हणालो.

"काय भावोजी! तीन चमचे सॉस सोळा फोडींना. तिच्या पोटात कितीसा गेला?"

"पाव चमच्याहून जास्त."

"धरू नका हो तेवढं!"

"तू गप रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, मोडली का नाही, तेवढं सांगा."

पंचांगात चंद्रोदय रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी होता. घड्याळात दुपारचा दीड. नाही म्हणणं सोपं होतं, पण वाचलेलं मला न वाचल्यासारखं करता येत नाही.

"मोडली."

तिने मोरीवर जाऊन खळखळून चूळ भरली, भाताचं आधण ठेवलं आणि फोडींचं ताट भावापुढे सरकवलं.

"तेरा आहेत. संपव."

"सगळ्या?"

"मेल्या, कौतुक तुझंच ना?"

पाचवीपर्यंत तो हसत होता. आठवीपासून घोटाघोटाने पाणी लागलं. अकराव्या फोडीला हनुवटीवरून काळा ओघळ आला, तो त्याने मनगटाने पुसला आणि मनगट चाटलं. मला शिसारी आली. मी तोंड फिरवून बसलो.

"पुढच्या महिन्यात एकविसावी धरतेस ना गो?" त्याने भरल्या तोंडाने विचारलं.

"पहिली," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी तू मुंबईतच राहा."